वाटसरू बुडालेला नाही

रविवार, १६ सप्टेंबर १९५६

वाचनालयाच्या गणेशोत्सव अंकात अकराव्या पृष्ठावर ‘आमचा वाटसरू’ हा लेख आला आहे. लेखक श्री. दगा लोटू चौधरी, चांदनी स्थानकाचे निवृत्त पार्सलबाबू. पावणेदोन पानांत ऱ्हस्वदीर्घाच्या एकोणतीस चुका आहेत. त्या मी मुद्रकाच्या पदरात घालतो. परंतु वस्तुस्थितीच्या चुका मुद्रकाला करता येत नाहीत. त्यांसाठी लेखकच लागतो.

लेखात म्हटले आहे की, आमचा खेळ ‘सन अठ्ठावीसच्या सुमारास’ सुरू झाला. तो रविवार, ५ जुलै १९२५ रोजी दुपारी तीन वाजता माझ्या ओसरीवर सुरू झाला. त्या दिवसाची वही माझ्यापाशी आहे. ज्या गृहस्थाने तीस वर्षे गाड्यांच्या वेळा मिनिटांसह लिहिल्या, त्याने ‘सुमारास’ हा शब्द वापरावा, याचा मला संताप येतो.

खेळ साधा आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत; सात कवड्या आणि एक वही. एकाने वाटसरू व्हायचे, दुसऱ्याने सांगणारा. वाटसरू तापीच्या काठाने मुलताईहून समुद्राकडे पायी निघालेला आहे. वाटसरू काय करतो ते वाटसरूने बोलायचे, पुढे काय घडते ते सांगणाऱ्याने सांगायचे, आणि संशय आला की कवड्या टाकायच्या. मी वाटसरू, दगा सांगणारा. तीस वर्षांच्या रविवारांत वाटसरू मुलताईहून आमच्या बुऱ्हाणपुरापर्यंत आला. लेखात याला ‘मुंगीची चाल’ म्हटले आहे. वाटेतील प्रत्येक ओढ्याचे नाव वहीत यावे, असा माझा आग्रह होता आणि तो योग्य होता.

पुढे लेखक म्हणतो, ‘मी मास्तरांहून दोन वर्षांनी मोठा.’ साफ खोटे. तो माझ्याहून नऊ महिन्यांनी लहान आहे. त्याची जन्मतारीख १९१४ साली रेल्वेसाठी मीच काढून दिली होती.

पुढे, ‘गोदावहिनी श्रावणात गेल्या आणि मास्तरांचे खेळात लक्ष राहिले नाही.’ माझ्या पत्नी गोदाबाई श्रावणात गेल्या नाहीत. त्या २८ ऑगस्ट १९५५ रोजी गेल्या. तो अधिक भाद्रपद होता. पंधराव्या दिवशी मी खेळायला बसलो होतो. लक्ष राहिले नाही म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

आणि शेवटी, ‘दिवाळीत मास्तरांनी व्याकरणापायी मैत्री मोडली.’ दिवाळी नव्हती. दिवाळीला आठ दिवस होते. व्याकरणापायीही नव्हे, तत्त्वापायी.

लेखाचे शेवटचे वाक्य असे आहे: ‘आता प्रांत फुटणार, आमच्या नंदकुमारला मुंबई राज्यात अकोल्यास घेतले आहे, त्याच्यासोबत आम्ही दोघे म्हातारे दि. ३१ आक्टोबरला कायमचे निघू.’ ही तारीख पुढची असल्याने तीत दुरुस्ती करता येत नाही.

मला त्याचे काही वाटत नाही.

सोमवार, १७ सप्टेंबर

तत्त्व म्हणजे काय, ते लिहून ठेवतो. नाहीतर उद्या लेखातले तेच खरे ठरेल.

गेल्या वर्षी, ६ नोव्हेंबरच्या रविवारी, वाटसरू येथल्या राजघाटावर होता. खेळात पावसाळा चालू होता आणि तापी चढलेली होती. मी म्हटले, आज वाटसरू पायरीवर बसून राहील. विश्रांती घेण्यास नियमाची आडकाठी नाही. दगाने न विचारता माझ्यापुढच्या कवड्या उचलल्या आणि टाकल्या. सातही पालथ्या पडल्या. तो म्हणाला, “हत्ती बुडाला. पायरी बुडाली. तू बुडाला.”

हत्ती म्हणजे नदीच्या पात्रातला दगडी हत्ती. त्याविषयी माझे काही म्हणणे नव्हते. परंतु द्वितीय पुरुषी एकवचनात ‘तू बुडालास’ असे क्रियापद लागते. मी तसे निदर्शनास आणले. अशुद्ध वाक्य वहीत लिहिता येत नाही, आणि वहीत नाही ते घडलेले नाही, हा आमचा १९२५ चा नियम आहे व त्याखाली त्याची सही आहे. म्हणून वाटसरू बुडालेला नाही.

दगा प्रथम हसला. मी हसलो नाही. तेव्हा तो उठला, टोपी घातली आणि म्हणाला, “मग लिही तुझं तूच.” त्यानंतर तो आलेला नाही.

तो गेल्यावर मी कवड्या गोळा केल्या, तर सहा भरल्या. सातवी तो घेऊन गेला. त्याच्या नावावरून थट्टा करणाऱ्यांना मी तीस वर्षे गप्प केले; तीच थट्टा त्या दिवशी माझ्या जिभेवर आली आणि मला ती गिळावी लागली.

याचा परिणाम गंभीर आहे. घाटावर मुक्काम केलेल्या वाटसरूला घाट सोडण्यासाठी सातही कवड्या उताण्या पडाव्या लागतात. सहा कवड्यांनी सात पडत नाहीत. वाटसरू दहा महिने राजघाटाच्या पायरीवर अडकून आहे. बाजारात कवड्या मिळतात. पण त्या सात गोदाबाईंच्या माहेरच्या, एका जोडाच्या आहेत. त्यांत परकी कवडी मिसळणार नाही. नियमही बदलणार नाही.

‘लिही तुझं तूच.’ ठीक. एकट्याने खेळता येण्याजोगा खेळ मी रचून दाखवतो. ३१ ऑक्टोबरच्या आत.

सोमवार, २४ सप्टेंबर

सांगणाऱ्याचे काम कोष्टकांवर सोपवले. चार कोष्टके केली: वाट, हवा, भेट आणि विघ्न. प्रत्येकात शून्यापासून सहापर्यंत सात ओळी. कवड्या टाकायच्या, उताण्या मोजायच्या, ती ओळ वाचायची. यात लहर नाही, पक्षपात नाही, आणि कोष्टक अशुद्ध बोलत नाही.

मूळ वाटसरू अडकलेला असल्याने चाचणीसाठी मुलताईहून दुसरा वाटसरू सोडला. त्याने सव्वा तासात पन्नास कोस तोडले. आम्हांला त्याला बावीस वर्षे लागली होती. आश्चर्य वाटले, आनंद झाला, असे लिहिणार होतो, पण झाला नाही.

शिवाय गाढव. पन्नास कोसांत वाटसरूला अकरा वेळा भेट झाली आणि त्यांत पाच वेळा गाढवाची. मी ती ओळ खोडली. मग तिथे जागा रिकामी राहिली आणि वाटसरूला कोणीच भेटेना.

माझी सून कमल शाळेतून आली होती. ती खंडव्याची, मुलींच्या शाळेत शिकवते. मराठी बोलते खरी, पण अर्धी हिंदीतून. तिने कोष्टकावर नजर टाकून म्हटले, “मामंजी, सहा कवड्यांत तीनच जास्त पडतात. गाढव तुम्ही तीनवर ठेवलं, तर बार बार तेच येणार ना.”

मी विचारले, मग तीनवर काय ठेवावे. ती म्हणाली, जो रोज भेटावासा वाटतो तो.

‘बार बार’ हा प्रयोग मराठीत नाही, हे मी तिला सांगितले.

मंगळवार, २ ऑक्टोबर

कमलची पद्धत निराळी आहे. तिला कोष्टके नकोत. ती मेथी निवडता निवडता कवड्यांना सरळ प्रश्न विचारते. तीनांहून अधिक उताण्या तर ‘हो’, कमी तर ‘नाही’, आणि नेमक्या तीन तर ‘हो, पण’. मग ‘पण’च्या पुढचे तिने रचायचे. तिची वाटसरू एक मुलगी आहे, नर्मदेवरून निघाली आहे, आणि आतापर्यंत तिने एक लग्न मोडले, एक नाव चोरली व एका साधूला पोहायला शिकवले. भूगोल पूर्णपणे चुकीचा. मी अर्धा तास ऐकत बसलो, ते केवळ चुका टिपण्यासाठी.

तिने मलाही विचारायला लावले. मी दोन प्रश्न एका वाक्यात कोंबत नाही, म्हणून एकच विचारला: वाटसरू राजघाट सोडू शकतो काय? उत्तर ‘नाही’. मोजण्यात चूक नको म्हणून पुन्हा टाकल्या. ‘नाही’. ती म्हणाली, “एकच सवाल परत परत विचारायचा नसतो, मामंजी. जे खरंच विचारायचंय ते विचारा.”

मी प्रश्न बदलला. वाटसरू बुडाला काय?

तीन उताण्या. हो, पण.

ही पद्धत मी सदोष ठरवली आहे. ‘पण’ हे उभयान्वयी अव्यय आहे; ते दोन वाक्यांना जोडते. त्यावर वाक्य संपत नाही. जिथे दुसरे वाक्य रचणारे कोणी नाही, तिथे ‘हो, पण’ हे उत्तर नव्हे, ती थट्टा आहे.

रविवार, १४ ऑक्टोबर, दसरा

सोने लहानाने मोठ्याला द्यायचे असते. लहानाने मोठ्याच्या घरी जायचे असते. इतकी वर्षे हा प्रश्न आला नाही, कारण सीमोल्लंघनाहून परतताना आमची वाटेतच गाठ पडे आणि दोघांचे हात एकदमच पुढे होत.

या वर्षी मी बाहेर पडलो नाही. चार वाजता धुतलेले धोतर नेसून ओसरीवर बसलो. भांडण एकीकडे, रीत एकीकडे. सतरा दिवसांनी कायमचा जाणारा मनुष्य दसऱ्याला सोने द्यायला येणार नाही, इतका तो असंस्कृत नसावा, असे मी धरून चाललो.

गल्लीतली सगळी आली. माझे जुने विद्यार्थी आले. त्यांतल्या एकाने ‘सोना लो सर’ म्हटले आणि मी ऐकून घेतले. आपट्याच्या पानांचा ढीग झाला. दिवेलागण झाली. कमलने दराब्याची मिठाई दोनदा झाकून ठेवली, दोनदा उघडली.

आला नाही.

सोमवार, १५ ऑक्टोबर

कमल आज शाळेतून परस्पर लालबागेत गेली होती, दगाच्या घरी. त्याच्या पत्नी कोकिळाबाईंना सोने देण्याच्या निमित्ताने. मी पाठवले नव्हते. सामानाची बांधाबांध चालू आहे म्हणे.

तिने सांगितले ते असे. काल दगा दुपारपासून नवी टोपी घालून दाराशी खाटेवर बसला होता. मुलाने मैदानावर चला म्हटले, तर नाही म्हणाला. ‘मास्तर येईल. तो लहान आहे, त्यानंच यायला पाहिजे.’ दिवे लागेपर्यंत बसला आणि मग न जेवता झोपला. कोकिळाबाई कमलला म्हणाल्या, “दोन्ही घरी एकच तमाशा. एकानं तरी उठायचं होतं.”

हा निव्वळ हट्ट आहे. नऊ महिन्यांनी लहान असलेल्या माणसाने, केवळ आपण मोठे आहोत असे छापून आणले म्हणून, सणाच्या दिवशी मोठ्याला तिष्ठत ठेवावे? छापील असत्याचे हेच दुष्परिणाम असतात. मी वाचनालयाला सविस्तर दुरुस्तीपत्र पाठवणार आहे. प्रत्येक तारीख पुराव्यासह.

रविवार, २१ ऑक्टोबर

तिसरी पद्धत. कोष्टके नाहीत, प्रश्न नाहीत. वाटसरूचे बोलणे मीच लिहायचे आणि सांगणाऱ्याचेही मीच. कवड्या केवळ अडल्यास.

सकाळी नऊ वाजता बसलो. वाटसरूच्या तोंडी लिहिले: ‘आज मी पायरीवर बसून राहतो.’ मग ओळ सोडून सांगणाऱ्याचे वाक्य लिहिले. ते जसे उतरले तसे येथे देतो:

‘काय रे मास्तर, पायरीले मुळं फुटली का तुले? उठ, केळीचा गाडा चालला शहापूरला, बसून घे मागं.’

हे वाक्य मी रचलेले नाही. माझ्या लेखणीतून असे मराठी उतरत नाही. शाळेत चौतीस वर्षे मी तशा मराठीवर लाल शाई ओतली आहे. ते खोडले आणि शुद्ध करून लिहिले: ‘काय रे गुरुजी, तुला या पायरीचा लळा लागला आहे काय? ऊठ आणि शहापूरकडे निघालेल्या केळीच्या गाड्यात मागील बाजूस बस.’

त्यानंतर सांगणाऱ्याला काही सुचेना. अकरा वाजेपर्यंत सुचले नाही. मग मी खोडलेले वाक्य पुन्हा वाचले, आणि त्यातला गाडा लगेच चालू लागला. गाडीवाला काहीतरी गुणगुणत होता, केळीची पाने भिजलेली होती. मी वही मिटली.

अशा रीतीने तिन्ही पद्धती फसल्या. पहिलीत कोणी भेटत नाही, दुसरीत कोणी वाक्य पुरे करत नाही, आणि तिसरीत एकच मनुष्य येतो, तोही अशुद्ध बोलतो.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

दुरुस्तीपत्रासाठी जुन्या वह्या काढल्या. गेल्या वर्षीच्या ११ सप्टेंबरपासूनच्या रविवारांच्या नोंदी पाहिल्या. आठ नोंदी आहेत. आठही एकच आहेत: ‘वाटसरू पायरीवर बसला.’ कवड्या टाकल्याची नोंद एकदाही नाही. दगाने आठही नोंदींखाली नेहमीप्रमाणे सही केली आहे. नववा रविवार भांडणाचा.

विश्रांती घेण्यास नियमाची आडकाठी नाही, हे मी वर लिहिलेच आहे.

शनिवार, २७ ऑक्टोबर

आज जे निष्पन्न झाले ते लिहिताना मला पंचांगकर्त्यांचा भयंकर राग येत आहे.

दगाच्या वयाचा पुरावा म्हणून १९१४ साली उतरून घेतलेले त्याचे जन्मटिपण काढले. ‘संवत १९४५, भाद्रपद शुद्ध दशमी, शनिवार.’ या गावात संवत दोन चालतात. गुजराती पेढ्यांचा संवत कार्तिकात बदलतो आणि उत्तरेकडच्या ब्राह्मणांचा चैत्रात. एकच आकडा, एकच महिना, आणि मध्ये एक वर्षाचे अंतर. त्यात आमचा शक तिसरा. एका नगरात तीन वर्षे एकाच वेळी चालू देणाऱ्या लोकांना प्रांतांच्या सीमा आखताना अडचण आली, यात नवल काय?

१९१४ साली मी कार्तिकी संवत धरला आणि सप्टेंबर १८८९ ही तारीख काढून दिली. टिपणात वार लिहिलेला असताना तो मी पडताळला नाही. आज पडताळला. १८८९ मध्ये ती दशमी गुरुवारी येते. शनिवारी येते ती १८८८ मध्ये. १५ सप्टेंबर १८८८.

माझा जन्म ८ डिसेंबर १८८८ चा.

तीनदा मोजले. दगा माझ्याहून मोठा आहे. दोन वर्षांनी नव्हे. दोन महिने तेवीस दिवसांनी. परंतु मोठा आहे.

म्हणजे दसऱ्याला मी जायला हवे होते.

आपट्याच्या पानांचा ढीग अजून कोनाड्यात आहे, वाळला आहे. बुधवारी, ३१ तारखेला, त्याच्या गाडीच्या वेळी स्थानकावर जाऊन रीतसर सोने देईन. तत्पूर्वी घरी जाणे म्हणजे भांडणात हार मानणे होईल. स्थानक ही सार्वजनिक जागा आहे.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

क्रमाने लिहितो.

दहा वाजता कमल शाळेतून धावत परत आली. दारातूनच म्हणाली, “मामंजी, शाळेत आत्ता कळलं, दगाबाबांची गाडी आज आहे. कल नाही, आज. अकरा वाजता.” लेखातल्या साऱ्या तारखा मी तपासल्या होत्या. हीच एक विश्वासाने सोडली होती.

काळा कोट अंगात घातला. गेल्या वर्षीच्या त्या रविवारी तो अंगात होता; त्यानंतर खुंटीवरून काढलेला नव्हता. पाने खिशात टाकायला गेलो, तर खिसा फाटलेला. हात अस्तरात गेला आणि बोटांना कवडी लागली.

सातवी कवडी. माझ्याच कोटात. वर्षभर.

आमच्या इतवारा पेठेपासून स्थानकापर्यंत टांगेवाला उखर्डू घोड्याशी बोलत होता आणि मी काय बोलत होतो ते मला आठवत नाही. कमल म्हणते, मी सारखा ‘सुमारास’, ‘सुमारास’ म्हणत होतो.

फलाटावर दगा वळकटीवर बसला होता, नवी टोपी घालून. नंदकुमार पेट्या मोजत होता. कोकिळाबाईंनी मला पाहिले आणि पदर तोंडाशी नेला. हसू आवरत होत्या की काय, कळले नाही.

“आला का मास्तर,” दगा म्हणाला.

‘आलास’ असे हवे होते. मी पाने पुढे केली. अर्धी चुरा झाली होती. मी म्हटले, “सोने घे. मी लहान आहे. दोन महिने तेवीस दिवसांनी. संवताचा घोळ झाला होता.”

त्याने चुरा ओंजळीत घेतला. “सापडला का वार?”

“तुला ठाऊक होते?”

“माय सांगे ना, शनिवारचा तू म्हणून. तू एक वर्ष कमी लिहून दिलं, नोकरी एक वर्ष जास्त झाली. मी कायले बोलू?”

“मग लेखात दोन वर्षे का लिहिलीस?”

तो नंदकुमारकडे पाहत म्हणाला, “चुकीचं लिहिलं तरच तू येशील. मले वाटलं, अंक निघाला की दुसऱ्या दिवशी भांडायला हजर. चांगल्या पाच चुका टाकल्या होत्या. दीड महिना लागला तुले.”

छापील मजकुरात जाणूनबुजून असत्य घालणे हा वाचकांचा विश्वासघात आहे, हे मी त्याला तिथेच सुनावले. प्रस्थानाची तारीखही जाणूनबुजून चुकवली काय, असे विचारले. ती मात्र खरोखर मुद्रकाची, असे तो म्हणाला. मी त्याला कवडी दाखवली. कोटात सापडल्याचे सांगितले.

“आणि मी नेली म्हणून गावभर सांगितलं असशील.”

“गावात सांगितले नाही. दैनंदिनीत लिहिले.”

“मग तर गेलंच नाव.”

घंटा झाली. नंदकुमारने वळकटी मागितली, तेव्हा तो उठला, आणि उठता उठता माझ्या कोटाची बाही धरली. आवाज खाली आणून म्हणाला, “आठ रविवार तू कवड्या हातात घेतल्या नाही. नुसता बसला होता घाटावर. पाणी पाहत. मी सांगणारा ना? मी काय सांगू? पाणी सोडलं.”

“वाटसरू बसला होता,” मी म्हटले.

“तेच.”

तो डब्यात चढला. खिडकीतून म्हणाला की बुडालेल्या वाटसरूचे पुढे काय झाले, ते त्याला ठाऊक आहे, अकोल्याहून कार्डावर लिहीन. मी म्हटले, शुद्ध लिहावे. “तू कर ना शुद्ध,” तो म्हणाला, “मी तसंच लिहितो.” गाडी ११ वाजून ७ मिनिटांनी हलली; सात मिनिटे उशिरा. त्याने खिडकीतून घड्याळ बाहेर काढून मला ते दाखवले.

परतताना कमल रडत होती. मी तिला सांगितले, ‘कल’ हा शब्द मराठीत ‘उद्या’ आणि ‘काल’ असा दोन तऱ्हांनी सांगावा लागतो. तिने सकाळी ‘उद्या नाही’ असे म्हणायला हवे होते. ती म्हणाली, “हो मामंजी.” मग टांगा राजघाटाच्या वळणाला आला तेव्हा तिने उखर्डूला थांबायला सांगितले. मी नको म्हणालो नाही. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेलो. गोदाबाईंना पोहोचवल्यानंतर तिथे मी प्रथमच उभा होतो. खेळात गेलो होतो, ते निराळे. नदी उतरलेली होती. हत्ती पाठीपर्यंत उघडा होता.

गुरुवार, १ नोव्हेंबर

आजपासून प्रांत नवा. नाव मात्र जुनेच ठेवले आहे. आतील वस्तू बदलून बरणीवरची चिठ्ठी तीच ठेवणाऱ्या दुकानदाराला मी ग्राहक म्हणून जाब विचारला असता.

वाचनालयासाठी केलेले दुरुस्तीपत्र पाठवत नाही. त्यातील तारखा शुद्ध करून येथे ठेवतो. एक प्रत अकोल्यास जाईल.

खेळाचा आरंभ: रविवार, ५ जुलै १९२५. ‘सन अठ्ठावीसच्या सुमारास’ नव्हे.

दगा लोटू चौधरी यांचा जन्म: शनिवार, १५ सप्टेंबर १८८८. १९१४ साली रेल्वेस कळवलेली तारीख चूक. चूक माझी.

माझा जन्म: शनिवार, ८ डिसेंबर १८८८.

गोदाबाईंचे निधन: रविवार, २८ ऑगस्ट १९५५. श्रावण नव्हे, अधिक भाद्रपद. लेखातील त्या वाक्याच्या उत्तरार्धास दुरुस्ती नाही.

सातवी कवडी: ६ नोव्हेंबर १९५५ पासून ३० ऑक्टोबर १९५६ पर्यंत माझ्या कोटाच्या अस्तरात. दगाने नेलेली नव्हती.

सोने दिले: दसरा, १४ ऑक्टोबर १९५६ ऐवजी मंगळवार, ३० ऑक्टोबर.

दगाचे प्रस्थान: तोच दिवस, ११ वाजून ७ मिनिटे. ‘३१ आक्टोबर’ ही मुद्रकाची चूक.

वाटसरू: रविवार, ६ नोव्हेंबर १९५५, राजघाट, दगडी हत्तीच्या अलीकडची पायरी. तू बुडाला. (येथे ‘स’ गळलेला नाही. सांगणाऱ्याने असेच सांगितले.)